बारशाला म्हटलेली गाथा

आई,

आज सकाळी चहाचं आधण ठेवताना माझ्या तोंडून ‘आई गं’ निघालं. कुठे भाजलं नव्हतं, काही लागलं नव्हतं. तुलाच हाक मारली होती. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या नातवाच्या कानशिलावरचे केस पांढरे दिसायला लागलेत, आणि मी सत्तरीला टेकलेली बाई आईला हाका मारते आहे. कारण सरळच सांगते, तुझ्यापाशी आडवळणं घेऊन कधी भागलं नाही. मला भीती वाटते. सकाळी डोळे उघडले की वाटते, भांडी घासताना वाटते, लोकांशी हसून बोलताना तर जास्तच वाटते. आणि ही गोष्ट सांगायला मला दुसरं कोणी सापडत नाही, म्हणून तुला लिहायला बसले. तुझे जावई पुढच्या पायरीवर बसून अगरबत्तीचे पुडे लावताहेत. मान उचलली की मला दिसतात, आणि मी सारखी मान उचलते आहे.

आधी आम्ही कुठे आहोत ते सांगते. पोलादपूरच्या वर, घाटाच्या अंगाला एक वाडी आहे. आपल्या लोकांची थोडी घरं, मध्ये विहार, विहाराला लागून पत्र्याची एक खोली. वर्षावासाचे तीन महिने आम्ही दोघं ह्या खोलीत राहतो. तुझ्या वेळी असलं काही नव्हतं. आता तालुक्याचं मंडळ आमच्यासारख्या निवृत्त जोडप्यांना विचारतं, अमक्या वाडीत ग्रंथ वाचायला कोणी नाही, जाल का. हे कारखान्यातून सुटले, मी शाळेतून सुटले, मुलगा पनवेलला. महाडच्या घराला कुलूप घातलं आणि निघालो. दर पावसाळ्यात नवी वाडी. मंडळाचा एक नियम मात्र कडक आहे. दोघांनी जोडीनंच फिरायचं. कोणाच्या घरी जायचं तर दोघांनी, आजाऱ्याला भेटायचं तर दोघांनी, वंदनेला उभं राहायचं तरी शेजारी-शेजारी. पहिल्या वर्षी मला हसू यायचं. ज्या माणसानं संसारभर शिफ्ट ड्यूटी केली, मी उठायची तेव्हा झोपायला आला आणि मी झोपायची तेव्हा कामाची बस धरायला गेला, त्याच्याबरोबर म्हातारपणी सावलीसारखं फिरायचं. मी त्यांना म्हणायची, अहो, लग्नात नाही केली इतकी सोबत आता करताय. आता ह्याच नियमाला मी घट्ट धरून असते.

दिवस तसा साधाच असतो. पहाटे उठून मी विहार झाडते, हे मूर्तीपुढची फुलं बदलतात, दोन्ही तसबिरींच्या काचा पुसतात. मेणबत्ती, अगरबत्ती, वंदना. मग चहा. जेवण आम्ही रांधत नाही, घरांनी वार वाटून घेतलेत. ज्या घराचा वार असेल तिथली सासू किंवा सून ताट झाकून घेऊन येते. कोणाकडून तांदळाची भाकरी आणि सुकट, कोणाकडून कुळथाची पिठी, आणि टाकळा तर इतका खाल्ला की माझ्या रक्तात हिरवा रंग उतरला असेल. दुपारी घरोघर चक्कर. कोणाची गुडघेदुखी ऐकायची, कोणाच्या सुनेला मुंबईला नवऱ्याकडे जायचंय ते ऐकायचं, पिणाऱ्याला पंचशीलाची आठवण द्यायची आणि त्यानं ‘व्हय गुरुजी’ म्हणून संध्याकाळी पुन्हा प्यायची. शाळा सुटली की पोरांना मी गाथा पाठ करून घेते. दिवेलागणीला ग्रंथवाचन. पाऊस पत्र्यावर असा वाजतो की ह्यांना ओरडून वाचावं लागतं. दरड कोसळायची भीती आहे, तलाठी येऊन सांगून जातो, जास्त पडला तर शाळेत जाऊन राहा. बायका वर डोंगराकडे बघतात आणि भात लावायला जातात. त्या भीतीची मला सवय झाली. दुसरीची होत नाही.

ह्यांचा आवाज तुला आठवतो का? माझ्या लग्नाआधी आपल्या नाते गावात कोणीतरी वारलं त्याच्या पुण्यानुमोदनाला आले होते आणि तू मागच्या दारातून ऐकून म्हणाली होतीस, ह्यो पोरगा बोलतो कमी पण गाथा कशी सुरेख म्हणतो. त्या आवाजावर तू मला देऊन टाकलीस, असं मी पुढे किती वर्षं त्यांना चिडवलं. महाड-पोलादपूरमधली किती लग्नं ह्यांनी लावली, किती नावं ठेवली, किती माणसांना पोचवलं, त्याचा हिशेब आम्ही ठेवला नाही. ड्यूटी संपवून, अंगाला कारखान्याचा तो आंबट वास, तसेच पांढरा सदरा चढवून निघायचे. सगळं तोंडपाठ. पुस्तक कधी उघडलं नाही.

पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते वीर स्टेशनावर. गेल्या उन्हाळ्यात पनवेलला मुलाकडे निघालो होतो. रिक्षातून उतरलो, बाकावर बसलो, आणि गाडीची घंटा झाल्यावर हे मला हळूच विचारतात, ‘आपण कोणाला आणायला आलोय?’ मी म्हटलं थट्टा करतात. तोंडाकडे बघितलं तर थट्टा नव्हती. मी हसून म्हटलं, मुलाकडे जातोय ना, आणि ते ‘हो हो’ म्हणून उठले. मग मी बघायला लागले. चष्मा तांदळाच्या डब्यात. घराच्या गल्लीत येऊन उलटं वळणं. जुन्या माणसाला ओळखल्यासारखं दाखवायचं आणि नाव मला काढायला लावायचं. महाडच्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, वयानं विसरतात, पण हे जास्त वाटतं, मुंबईला नेऊन डोक्याची तपासणी करा. मी म्हटलं, वर्षावास झाला की नेते. मुलाला सांगितलं नाही. मंडळाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कारण एकच होतं, आई, वंदनेला उभे राहिले की हे पूर्वीचे व्हायचे. एकही शब्द अडायचा नाही. मला वाटलं, ही एक वाट आत अजून चालू आहे, ती आपल्या हातानं बंद केली तर बाकीचं सगळं लवकर जाईल.

मग इथे आल्यावर तिथेही अडखळायला लागले. एक ओळ म्हणायची आणि थांबायचं. लोकांना वाटायचं, गुरुजी डोळे मिटून विचार करताहेत. शेजारी उभी असल्यामुळे मला कळायचं, की बोटं सदऱ्याच्या टोकाशी चाळा करताहेत आणि पुढची ओळ सापडत नाहीये. मी पुढच्या ओळीचा पहिला शब्द आधी म्हणायची, अगदी थोडा आधी. त्यांना तो ऐकू आला की गाडी रुळावर. वाडी आमच्या मागून म्हणायची, आणि कोणाला पत्ता लागायचा नाही की गुरुजी बाईंच्या मागून म्हणताहेत. असे दिवस चालले होते. रोज वंदना संपली की मी खोलीत येऊन तांब्याभर पाणी प्यायची.

मध्येच तुझं सांगते, कारण पुढचं त्याच्याशी जोडलेलं आहे. आपल्या घरातले देव माझ्या जन्माआधीच सावित्री नदीत गेले होते. देव्हाऱ्याच्या कोनाड्यात तू मिठाची बरणी ठेवली होतीस. उपास नाही, नवस नाही, अंगारा नाही, माझ्या बाबांनी सांगितलं आणि तू सोडलंस, त्यात तू कधी कुचराई केली नाहीस. पण माझ्या धाकट्या भावाला न्हाऊ घातलं की तू चुलीपुढे बसायचीस, दिव्यावर ताटली उपडी धरून काजळी पाडायचीस, बोटानं तेलात कालवायचीस, आणि त्याच्या कानामागे एक ठिपका लावायचीस. गालावर नाही. कानामागे, जिथे बाबांना दिसणार नाही. मी शाळेत भाषणात पहिली आलेली, नव्या पातळात विहारात उभी राहून बोलले होते की दृष्टबिष्ट काही नसतं, बायांनी हे खूळ टाकावं. तू बायांमध्ये बसून ऐकत होतीस. घरी आल्यावर तू मला रागावशील असं वाटलं होतं. मी भाकऱ्या थापत होते, तू चुलीत लाकूड सारत होतीस. तू वर न बघता म्हणालीस, ‘बोललीस ता बरोबर हाय गो. देव नदीत सोडलं. भ्या कुठं सोडू, ता सांग.’

आणि लगेच तू भाकरी करपली म्हणून मलाच ओरडलीस. पुढे माझ्या बाळंतपणात तू पितळेची छोटी डबी आणलीस, काजळ भरून. हे घरात होते म्हणून तू ती माझ्या उशाशी न ठेवता हातात दिलीस आणि मूठ मिटवलीस. काजळ संपल्यावर मी त्या डबीत सेफ्टी पिना ठेवायला लागले. ती अजून माझ्या पिशवीत असते.

आता बारशाचं. आमच्या समोरच्याच घरी पाच-सहा वर्षांनी मूल झालं, मुलगी. बाप एमआयडीसीत कंत्राटावर, बसनं जा-ये करतो. आजी म्हणजे वाडीतली सगळ्यात खमकी बाई, आमच्या जेवणाचे वार तिनंच लावून दिलेले. घर माणसांनी भरलं होतं. पावसामुळे सगळे आतच. पाळण्याभोवती बाया दाटल्या, फुलांचं ताट कोणीतरी माझ्या हातात दिलं आणि मी पाळण्याच्या पलीकडच्या बाजूला ढकलली गेले. हे इकडे, मी तिकडे, मध्ये पाळणा आणि दहा बाया. मला तेव्हाच धसका बसला होता, पण ताट टाकून माणसं तुडवत जाणार कशी? त्रिशरण झालं, पंचशील झालं, व्यवस्थित. मग बाळावर फुलं टाकताना मंगलगाथा म्हणायची. तिथे हे थांबले. मला त्यांची बोटं दिसली, सदऱ्याच्या टोकाशी. मी पहिला शब्द म्हटला, पण बायांच्या गलक्यात आणि पत्र्याच्या आवाजात तो पोचला नाही. आणि मग ह्यांनी डोळे मिटून, तोच सुरेख आवाज लावून, गाथा सुरू केली. अनिच्चा.

तुला सांगायला नको ती कोणती. तुला पोचवताना तीच म्हटली होती, ह्यांनीच. जे जे उपजतं ते ते नाश पावतं, ती. आपल्यात लहान पोरालाही ती कुठे म्हणतात ते माहीत असतं. आणि त्याहून वाईट पुढे झालं, आई. गुरुजींच्या मागून म्हणायची लोकांना सवय. घरातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी, अर्थ डोक्यात शिरायच्या आधी, ती ओळ मागून म्हटली. त्या लेकराच्या पाळण्यावर उभं राहून म्हटली. मी जिवाच्या आकांतानं मंगलगाथा सुरू केली, माझा आवाज फाटला, पण ह्यांना वाट सापडली आणि ते माझ्याबरोबर शेवटपर्यंत म्हणत गेले. शेवटी ‘साधु, साधु, साधु’ झालं. पाळण्यातली पोर झोपलेलीच होती. तिच्या आईनं दोन्ही हात पसरून पाळणा झाकला होता, ते मात्र मी बघितलं.

शिरा वाटला. एक आजोबा उगाचच मोठ्यानं म्हणाले, गाथा ती गाथा, आपल्यात शुभ-अशुभ काय नाय, आणि त्यांच्या हातातली बशी तशीच राहिली. खोलीत परतल्यावर ह्यांनी सदरा काढून खुंटीला लावला आणि मला विचारलं, लोक आज नीट जेवले नाहीत, काय झालं गं? मी म्हटलं, पाऊस आहे ना, घरी जायची घाई. त्यांनी मान डोलावली. त्यांना माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ताट यायचं, पण आणणारी उंबऱ्यात ठेवून जायची. आधी बसून दहा गोष्टी सांगायची. वाचनाला पुरुष आले, बाया आल्या नाहीत. आणि मग समोरच्या घरी बाळाला ताप आला.

मी तुला खोटं सांगणार नाही. ताप आला हे ऐकल्यावर पावसाळा आहे, दमट हवा आहे, असं माझ्या मनात आलं नाही. माझ्या मनात ती ओळ आली. आयुष्यभर मुलांना शिकवलं, बायांना समजवलं, ह्याच वाडीत आल्यावर तासभर बोलले होते की मांजर आडवं गेलं तर मांजराला काम असतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. वाटलं, त्या पोरीला काही झालं तर ही माणसं आपल्याला काय म्हणतील ते राहू दे, हे स्वतःला काय म्हणतील? आणि त्याहून वाईट म्हणजे काहीच म्हणणार नाहीत, कारण त्यांच्या लक्षातच नसेल. मग हे ओझं मी एकटी कशी उचलू?

दुपार टळताना आजी आली. खमकी बाई, पण पदर नीट नव्हता आणि डोळे बसले होते. हे विहारात तसबिरीची काच पुसत होते, दार उघडं. आजी पायरीवर चढलीच नाही. खाली चिखलात उभी राहून मला म्हणाली, ‘बाई, खरं सांगा. गुरुजींना काय दिसला काय? म्हणून ती गाथा म्हटली?’

मला आधी कळेचना. मग कळलं. वाडीत कोणाला वाटलंच नव्हतं की गुरुजी चुकले. एवढी वर्षं ज्याची एक ओळ चुकली नाही तो चुकेल कसा? पोर राहणार नाही हे त्यांनी ओळखलं, म्हणून म्हटलं. घरच्यांनी पोरीला दवाखान्यातही नेलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, सून रडते, म्हणते आता नेऊन काय उपेग. नुसती मांडीवर घेऊन बसले होते, आई. तापानं फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन वाट बघत बसले होते.

मला एका वाक्यात सुटता आलं असतं. काही नाही दिसलं, चुकून म्हटली, असं. पण ते तिनं मानलं नसतं. गुरुजी चुकून म्हणत नाहीत. मी काय लपवून ठेवलं होतं तेच सांगितल्याशिवाय ती पोर पोलादपूरला जाणार नव्हती. आणि हे सात-आठ हातांवर काच पुसत होते. मी आवाज जितका खाली आणता येईल तितका आणला. म्हटलं, ‘त्यांना काही दिसलं नाही. त्यांना आठवत नाही. बरेच दिवस झाले, त्यांना आठवत नाही. रोज मी आधी म्हणते म्हणून ते म्हणतात.’

मागे काच पुसल्याचा आवाज थांबला होता. मला वळून बघायची हिंमत होईना. मग ते बाहेर आले, पायात चपला सरकवल्या, छत्री घेतली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, ‘चला, आधी बाळाला दवाखान्यात नेऊ.’

मिनीडोर रिक्षा मिळाली. आजी, सून, पोर आणि आम्ही दोघं. रस्त्यावर माती आलेली, ड्रायव्हर सारखा खाली उतरून बघायचा. सगळा वेळ माझा एक डोळा पोरीवर, एक ह्यांच्यावर. ते बाहेर बघत होते. ऐकलं असेल का? किती ऐकलं असेल? ऐकून आता विसरले असतील का? पहिल्यांदाच मला वाटलं, विसरले असले तर बरं, आणि असं वाटल्याची लाज वाटली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पोरीला तपासलं, औषध दिलं, तिथेच थांबवून घेतलं, आणि आजीवर ओरडल्या, इतका ताप असताना घरी कशाला ठेवलं? अंधार पडायच्या आत ताप उतरायला लागला होता आणि पोर दूध प्यायली. आजीनं त्या बाकड्यावर माझा हात धरला. ‘बाई, आदी का नाय सांगितलात?’ इतकंच म्हणाली. तिचा बापही कसा शेवटी लेकीला ओळखत नव्हता ते मग ती सांगत बसली, आणि मी ऐकत होते आणि तिथून उठून जावंसं वाटत होतं. कारण तिनं शेवटही सांगितला. चांगल्या मनानं सांगितला. मला तो ऐकायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी परत आलो, त्या संध्याकाळी वाचनाला सगळे आले. बायाही. वाडीत गोष्ट पसरली होती, ते त्यांच्या बघण्यावरून कळत होतं. ह्यांच्याशी सगळे जरा जास्तच गोड बोलत होते, जसं आपण आजाऱ्याशी बोलतो तसं. हे मूर्तीपुढे गेले, मेणबत्ती लावली, मागे आले, आणि माझ्या शेजारी उभे राहिले नाहीत. पुरुषांच्या ओळीत जाऊन बसले. मी बघत राहिले तर म्हणाले, ‘आज तू म्हण. मी मागून म्हणतो.’ मी म्हटलं. वाडीनं माझ्या मागून म्हटलं. त्या सगळ्या आवाजांत मला एकच ऐकू येत होता, तुला आवडलेला तो, लोकांच्या मागून येणारा. मला रडू आलं नाही. मला फक्त भीती वाटली, की उद्या ह्या आवाजांतून तो एक कमी झाला तर मला लगेच कळेल.

तेव्हापासून मीच म्हणते. मंडळाला फोन करून खरं सांगितलं, ते म्हणाले वर्षावास पुरा करा, मग बघू. मुलालाही सांगितलं. तो चिडला, मग रडला, दिवाळीआधी मुंबईला तपासणीला न्यायचं ठरलं. समोरची पोर आता गुटगुटीत झाली आहे, तिची आजी तिला ह्यांच्या मांडीवर आणून ठेवते आणि हे तिला रोज नव्यानं नाव विचारतात. सगळं कसं निभावलं, असं कोणी म्हणेल. निभावलं ते त्या पोरीचं. आमचं अजून व्हायचं आहे.

आता जे सांगण्यासाठी हा कागद घेतला ते सांगते. तुला वाचता येत नव्हतं. माझी पत्रं तुला शेजारची सून वाचून दाखवायची. हे टाकायला पत्ता नाही, पण असता तरी टाकलं नसतं, कारण हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुझ्या कानावर जाऊ नये. एके दिवशी वंदना झाल्यावर लोक गेले, हे मागे आंघोळीला गेले, आणि मी मूर्तीपुढच्या मेणबत्तीवर चमचा उपडा धरला. तुझ्यासारखा. काजळी धरली. खोबरेल तेलात कालवली आणि डबीतल्या पिना काढून त्यात भरली. हे आंघोळ करून आले, रोजच्यासारखे डोक्याला तेल लावून घ्यायला माझ्यापुढे पाठ करून बसले, आणि तेल लावता लावता मी त्यांच्या कानामागे बोट टेकलं. विचारलं, काय केलंस? मी म्हटलं, डास बसला होता.

आंघोळीनं ती रोज जाते. मी रोज लावते. बायांपुढे अजूनही मी सांगते की दृष्टबिष्ट नसते, आणि ते खरंच आहे, आई, ह्या ठिपक्यानं काहीही होत नाही हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आज सकाळी मी तेलाची बाटली उघडली, डबी अजून पदराखालीच होती, आणि त्यांनी आपण होऊन मान वळवली आणि कान पुढे केला. सगळं समजून केला, की धाकटा करायचा तसा केला, ते मला कळलं नाही. विचारलं नाही मी. तीट लावली आणि चहाचं आधण ठेवायला उठले.